आजी आली की चुकणारा ठोका

आमच्या वॉर्डात त्या दिवसांत तीन तऱ्हेचं मराठी बोललं जात होतं आणि तिघांनाही आपापलं मराठी शंभर नंबरी वाटत होतं. पहिलं माझं. वडील रेल्वेत होते, नागपूरकडून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी गुढियारीत वाढले. त्यामुळे माझ्या मराठीत निम्मं हिंदी, आणि हो म्हणायचं असलं की तोंडातून ‘हव’ निघतं. माझा मुलगा तर मी मराठीत रागावले की हिंदीत माफी मागतो. दुसरं मराठी आमच्या डॉक्टरांचं. ते पुण्याचे, नुकतेच आलेले, चौबे कॉलनीत भाड्यानं राहायचे. “सिस्टर, जरा एक मिनिट येता का,” असं म्हणायचे आणि त्यांचं एक मिनिट चहा निवेपर्यंत चालायचं. तिसरं मराठी बीरगावहून आलं, एका आजीबरोबर. डॉक्टरांना पहिल्यांदा बोलताना ऐकून आजी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “हे टीव्हीतल्या बातम्यांसारखं काहून बोलते व?”

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची इन्चार्ज सिस्टर. नाव लांबलचक आहे, पण काम म्हणजे काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या, घाई करून जगात आलेल्या बाळांना जरा दमानं घ्यायला लावणं. घरचे म्हणतात, पेटीतल्या बाळांशी तू किती गोड बोलतेस, आणि आमच्यावर नुसती खेकसतेस. खरं आहे ते. माझा स्वभाव तिखट आहे. तो मी बाळांवर खर्च करत नाही, मोठ्यांसाठी राखून ठेवते.

आता लाइनबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिचीच आहे. वेळेच्या फार आधी जन्मलेल्या बाळाला दूध पचत नसलं की त्याला शिरेतून पोसावं लागतं. साखर, प्रथिनं, क्षार, जे काही अंगाला लागायचं ते सगळं पाण्यातून. पण ते पाणी दाट असतं. हातापायाच्या बारीक शिरेत सोडलं तर शीर भाजून निघते. म्हणून दंडाच्या शिरेतून एक नळी आत सरकवायची, ती काखेतून, खांद्याखालून पुढे नेत नेत थेट हृदयाच्या दाराशी असलेल्या मोठ्या शिरेत नेऊन थांबवायची. तिथं रक्ताचा लोंढा असतो, दाट पाणी पडलं तरी लगेच वाहून जातं. या नळीला आम्ही नुसतं ‘लाइन’ म्हणतो. शेवईपेक्षा बारीक असते. तिचं टोक दाराशी थांबलं पाहिजे. दाराच्या फार अलीकडे राहिलं तर शीर जळते आणि दाराच्या आत गेलं तर हृदय चिडतं.

तिचे नखरे मी आयुष्यभर सोसले आहेत. कधी तुंबते. कधी मधेच गळायला लागते आणि बाळाचा दंड सुजतो. जंतूंना तर ती आत जायची आयती पायवाट वाटते, म्हणून आम्ही हात धुऊन धुऊन सालटं काढून घेतो. काही वेळा काम संपल्यावर काढायला जावं तर शीर तिला आवळून धरते. तेव्हा जोर करायचा नाही, तुटली तर तुकडा आत वाहून जाईल. कोमट पट्टी ठेवायची, थांबायचं, पुन्हा हळूच मनधरणी करायची. नव्या पोरींना मी एकच शिकवते, बाळाशी मायेनं वागा आणि लाइनशी संशयानं.

आजीची नात आमच्याकडे आली तेव्हा तळहातावर मावावी एवढी होती. आईचा रक्तदाब वाढल्यामुळे घाईघाईनं ऑपरेशन झालेलं, टाके चिघळलेले, ती खालच्या वॉर्डात पडून. तिथून वाटीभर दूध पाठवायची, आणि आम्ही ते बर्फात ठेवून द्यायचो, कारण पोरीचं पोट फुगलं होतं. दूध बंद करायला लागलं. सगळी मदार शिरेवर, आणि शिरा तर आधीच्या सुयांनी संपत आलेल्या. डॉक्टरांनी कंबर मोडेस्तोवर वाकून उजव्या दंडात लाइन टाकली. उभे राहिले, पाठ सरळ केली आणि त्यांच्या बातम्यांच्या मराठीत म्हणाले, “सिस्टर, ही गेली तर दुसरी मिळणार नाही. एवढं लक्षात ठेवा.”

मी लक्षात ठेवलं. न ठेवून करते काय? लाइन गेली की पोरगी उपाशी, आणि एवढ्याशा जिवाकडे उपास काढण्याइतकं काही नसतं.

एक्स-रे मात्र सुरेख आला. टोक अगदी दाराशी, पाहुणा चपला काढून उंबऱ्याशी उभा राहावा तसं. डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या स्टाफसाठी बटाटेवडे मागवले. पुडी उघडल्यावर मी म्हटलं, “डॉक्टर, याला इथं आलूगुंडा म्हणतात.” त्यांनी एक खाऊन पाहिला आणि नावाबद्दल वाद घालायचं सोडून दुसरा उचलला.

आजी बीरगावहून रोज संध्याकाळी यायची. तिचा मुलगा, म्हणजे बाळाचा बाप, उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात शिफ्टवर. सून अंथरुणावर. तेव्हा भेटीची वेळ आजीच्या वाट्याला आली आणि तिनं ती नोकरीसारखी सांभाळली. कोपरापर्यंत हात धुवायचे, बांगड्या काढायच्या, आमचा गाऊन घालायचा. पहिल्या दिवशी तिला मी तीनदा हात धुवायला लावले तेव्हा म्हणाली, “माय व, एवढं त मले लग्नातही नाही घासलं.” दुसऱ्या दिवसापासून तीच शेजारच्या पेटीवाल्या बाईला ओरडू लागली, “नखातलं धुवा ना ताई, नखातलं!” मला एक बिनपगारी सिस्टर मिळाली.

बाळाला कसं हात लावायचं तेही ती पटकन शिकली. चोळायचं नाही, थोपटायचं नाही, एक हात डोक्याशी, एक पायाशी, आणि स्थिर ठेवायचा. आजीचं तोंड मात्र स्थिर राहत नसे. सुनेनं आज किती पोळ्या खाल्ल्या, पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाच्या घरी भांडण झालं, सगळ्या बातम्या ती काचेतून नातीला सांगायची. एका कुटुंबानं काजळाची डबी आणली होती, तीट लावायला. मी रागावण्याआधीच आजी त्यांना म्हणाली, “आमच्यात नजर-बिजर नाही मानत. काजळानं डोळे चिकटते.” मला आजी आवडली. खोटं कशाला बोलू, ती माझ्या माहेरची वाटली.

आणि मग मशीन ओरडायला लागलं.

पहिल्या वेळी मी पलीकडच्या पेटीशी होते. पडद्यावर पोरीच्या हृदयाचे ठोके एकदम वाट चुकले. एक गळाला, मग दोन एकमेकांना खेटून आले, मग घोडा उधळावा तशी एक धाव. मी हातातलं टाकून पोचेपर्यंत सगळं ठीक. पोरगी शांत झोपलेली, रंग चांगला, आजी दाराकडे निघालेली. छातीवरचे स्टिकर सैल झाले असतील म्हणून बदलले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. रक्त तपासलं, क्षार बरोबर. मशीन बदललं, नवंही ओरडलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून हृदय पाहिलं, हृदयात काही खोट नव्हती. मग त्यांनी जाडजूड पुस्तक काढलं. डॉक्टर पुस्तक काढतात तेव्हा मला धडकी भरते.

गंमत अशी की दिवसभर पोरगी सरळमार्गी. ठोका चुकायचा तो संध्याकाळीच, भेटीच्या वेळीच. एकदा ऑटोवाल्यांचा काही तरी बंद होता, आजी आली नाही, आणि त्या दिवशी एकही ठोका चुकला नाही. दुसऱ्या दिवशी आजी आली आणि चुकला.

हे माझ्या लक्षात आलं तसं स्टाफमधल्या पोरींच्याही आलं. औषधाच्या कपाटाशी कुजबुज सुरू झाली. “दादी की नजर लगती है.” मी कानाडोळा केला. मग त्यातल्या एकीनं हळूच तो शब्द काढला. टोनही. ज्यांना इथलं माहीत नाही त्यांना सांगते, छत्तीसगडात चेटकिणीला टोनही म्हणतात, आणि हा शब्द एकदा का एखाद्या म्हातारीला चिकटला की गावं तिला जगू देत नाहीत. मी त्या पोरीला भांडारात नेलं, दार लावलं आणि असं काही झापलं की ती रडली, आणि माझं नंतर दिवसभर डोकं दुखलं. नर्सिंग शिकलेली पोरगी, हातात स्टेथोस्कोप, आणि तोंडात हे!

पण राग ओसरल्यावर मी मशीननं छापलेल्या पट्ट्या पुन्हा काढून पाहिल्या. कोणी नजर म्हटलं की माझे वडील म्हणायचे, बोलवा त्या नजरवाल्याला, एखादं इंजिन थांबवून दाखवू दे. मी त्या बापाची लेक. आणि इथं तर आजी आली की इंजिन अडखळत होतं, मशीन तसं रोज छापून देत होतं. माझी स्वतःचीच चिडचिड झाली. मशीनशी भांडता येत नाही, हाच त्याचा मोठा दुर्गुण.

डॉक्टर राउंडला म्हणाले, “असंच चालू राहिलं तर औषध सुरू करावं लागेल, नाही तर लाइन काढून पाहावी लागेल.” हृदयाचं ते औषध एवढ्या लहान बाळाला द्यायचं म्हणजे तारेवरची कसरत. आणि लाइन काढायची म्हणजे उपास. इकडे आड, तिकडे विहीर. मग ते जरा अवघडून म्हणाले, “तोवर भेटी बंद ठेवू या का? म्हणजे फक्त निरीक्षण म्हणून.”

“निरीक्षणच करायचं ना? मग आजची एक संध्याकाळ द्या,” मी म्हटलं. “मी करते.”

माझ्या मनात काय होतं ते सांगते. घुटी. किंवा मध. आजी चोरून बोटानं काहीतरी चाटवत असेल. आजीबद्दल माझं मत चांगलं होतं, पण आज्यांच्या जातीबद्दल इतक्या वर्षांत माझं मत फार वेगळं झालेलं आहे. मी पोरीच्या पेटीच्या मागच्या बाजूला कपाट आवरायचं निमित्त काढून उभी राहिले.

आजी आली. हात धुतले, नखांतले सुद्धा. पेटीच्या खिडकीतून एक हात डोक्याशी, एक पायाशी. बातम्या सुरू झाल्या. सुनेला आज उठून बसवलं. बाप शिफ्टवरून येऊन न जेवता झोपला. ना घुटी, ना मध. पडद्यावर ठोके शहाण्यासारखे चालले होते. मला वाटलं, माझ्या नुसत्या पहाऱ्यानंच रोग बरा झाला.

मग भेट संपल्याची घंटा झाली. त्या वेळी आमच्याकडे एकच गोंधळ असतो, पोरी सगळ्या नातेवाइकांना दाराकडे हाकत असतात आणि पेटीकडे कोणाचं लक्ष नसतं. आजीनं पदर सावरला. मग दोन्ही खिडक्यांतून हात घालून नातीचे दोन हात दोन-दोन बोटांत धरले, इतक्या हळूच की उजव्या दंडावरची चिकटपट्टी हललीसुद्धा नाही, आणि ते इवलेसे पंजे छातीवर एकमेकांना जोडले.

“चाल माय, जय भीम कर मले. जाऊन राहिली मी.”

आणि ठोके उधळले. मशीन ओरडलं. आजीनं हात सोडले, खिडक्या लावल्या, पोरीचा हात पुन्हा कपड्याच्या गुंडाळीवर लांब पडला, आणि पडद्यावर सगळं जिथल्या तिथं.

“आजी,” मी म्हटलं, “तिथंच थांबा. हलू नका.”

माझा आवाज बहुतेक नेहमीपेक्षा मोठा होता, कारण आजीबरोबर शेजारची दोन माणसंही जागच्या जागी थिजली. मी डॉक्टरांना बोलावलं. हात धुतले आणि पोरीचा डावा हात छातीवर दुमडला. काही नाही. उजवा दुमडला. ठोका चुकला. सरळ केला. ठीक.

डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, “सिस्टर, पुन्हा एकदा करून दाखवता?”

“खेळणं आहे का ते?” मी म्हटलं. पण तोवर त्यांच्याही डोक्यात उजेड पडला होता.

गोष्ट इतकी साधी होती की लाज वाटावी. हात लांब असला की दंडापासून हृदयापर्यंतचा रस्ता लांब. हात दुमडून छातीशी आणला की तोच रस्ता आखूड होतो. नळी मात्र तेवढीच राहते. मग उरलेली नळी जाणार कुठं? पुढं सरकते, दारातून आत, आणि टोक हृदयाच्या भिंतीला जाऊन टोचतं. एक्स-रे काढताना छातीवर हाडाची सावली पडू नये म्हणून हात बाजूला लांब धरायची आमची पद्धत. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तेव्हाही हात लांबच होता. लांब हाताचा फोटो लांब हातापुरतंच खरं बोलतो. उंबऱ्याशी उभा दिसलेला तो सभ्य पाहुणा आजीनं जय भीम करवला की चपलेसकट माजघरात शिरत होता.

एक्स-रेवाला भैया आला आणि सवयीनं म्हणाला, “हाथ सीधा करो ना, दीदी.” मी म्हटलं, “नहीं भैया, आज ऐसे ही.” दुमडलेल्या हातानं फोटो काढला. टोक हृदयाच्या चांगलं आत होतं. डॉक्टरांनी घाईनं सोनोग्राफीचं यंत्र ओढलं आणि हृदयाभोवती पाणी साचलंय का ते पाहू लागले. ते पाहत असताना मी पेटीची कड धरून उभी होते.

कारण मी एक असं बाळ पाहिलेलं आहे. फार पूर्वी, दुसऱ्या गावी, मी शिकत होते तेव्हा. लाइनचं टोक आत घासत राहिलं, हृदयाची भिंत पाझरली, बाहेरच्या पिशवीत ते दाट पाणी साचलं आणि त्या पाण्यानं हृदयाला चारी बाजूंनी दाबून धरलं. भर दुपारी, सगळे जागे, सगळे हजर, आणि काय होतंय ते कोणाला कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या बाळाला टोपी होती, पिवळी, कोणीतरी घरी विणलेली. अजून कोणी पिवळी टोपी आणली की मी ती बदलायला लावते आणि कारण सांगत नाही.

“पाणी नाही,” डॉक्टर म्हणाले. मी खाली स्टुलावर बसले.

आता लाइन थोडी मागे ओढायची होती. हे ऐकायला सोपं वाटतं. पण लाइन बाहेर ओढता येते, परत आत ढकलता येत नाही, बाहेरचे जंतू आत जातात. म्हणजे डाव एकच. जास्त ओढली गेली तर टोक बारीक शिरेत येणार आणि लाइन फुकट. चिकटपट्टी भिजवून भिजवून सोडवली. डॉक्टरांनी नखाच्या रुंदीएवढी ओढली, थांबले, माझ्याकडे पाहिलं. मी हात दुमडून धरला. पडदा शांत. पुन्हा फोटो, एक दुमडून, एक लांब. दुमडल्यावर टोक दाराशी, लांब केल्यावर दाराच्या जरा अलीकडे, पण मोठ्या शिरेतच.

“चालेल,” डॉक्टर म्हणाले. पुण्याच्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मी अजून ऐकलेली नाही.

या सगळ्यात आजीला आम्ही बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मी गेले तेव्हा ती गाऊन तसाच घालून बसली होती. शेजारी बसून मी तिला समजावलं, रस्ता कसा आखूड होतो, नळी कशी पुढं सरकते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे मी करत होती?”

“आजी, तसं नाही.”

“रोज करत होती मी. रोज जाताना. तिच्या काळजात टोचून राहिलं होतं, अन मी म्हणत होती जय भीम कर.”

मला काय वाटलं ते सरळच सांगते. आमच्या घरांत लेकरू बोलायला लागायच्या आधी हात जोडायला शिकतं. माझे वडील ड्यूटीवरून आले की दारातच थांबायचे, आणि आम्ही भावंडांनी हात जोडल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. माझ्या मुलाला बसता येत नव्हतं तेव्हा मीच त्याचे पंजे धरून आजोबांना जय भीम करवला होता. आज तो हिंदीत बोलतो, पण तेवढं करतो. आजी नातीला दुसरं काय देणार होती? दूध आईचं, औषध डॉक्टरांचं. आजीकडे तेवढंच होतं, आणि ते ती रोज देत होती.

म्हणून मी तिला माझ्या माहेरच्या भाषेत सांगितलं. “आजी, माहं ऐका. तुम्ही केलं म्हणून आमाले समजलं. तुम्ही नसतं केलं त पोट्टी थोडी मोठी झाली असती अन स्वतःच हात दुमडून झोपली असती. मंग ते टोक दिवसभर तिथंच घासलं असतं. तुमच्यामुळं वाचली ते.”

“हव,” आजी म्हणाली. पण तो ‘हव’ नुसता मला वाईट वाटू नये म्हणून होता.

दुसऱ्या दिवसापासून ती आली की कोपरापर्यंत हात धुवायची, नखांतले धुवायची, आणि मग ते दोन्ही हात पाठीमागं धरून पेटीसमोर उभी राहायची. बातम्या चालू असायच्या, पण हात पाठीशी. मी म्हटलं, डोक्याशी हात ठेवला तर चालतो. “नोको, बरी आहे ते तशीच.” डॉक्टरांनीही समजावलं. ते गेल्यावर म्हणाली, “त्यायचं बोलणं समजते मले आता. पण नोको.” जिला मी भांडारात झापलं होतं ती पोरगी रोज तिच्यासाठी स्टूल आणून ठेवायची. आजी बसायची आणि हात मांडीखाली दाबून घ्यायची. मला दोघींकडेही बघवायचं नाही.

एक्स-रेची आमची पद्धत बदलली. आता हात दुमडून एक फोटो काढतोच. नव्या पोरी त्याला आपसात ‘जय भीम वाला फोटो’ म्हणतात, एक्स-रेवाला भैयासुद्धा म्हणतो. डॉक्टरांनी एकदा मीटिंगमध्ये त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलं, ते कोणाला लागू पडलं नाही.

आणि पोरगी? पोरीनं आमच्यावर उपकार केले. पोट उतरलं. थेंब थेंब दूध सुरू झालं, मग चमचा, मग वाटी. खालच्या वॉर्डातली आई हळूहळू चालत वर यायला लागली आणि तिला छातीशी धरायला लागली. लाइन काढायच्या दिवशी मी कोमट पट्टी तयार ठेवली होती, संशयानं. ती अशी सुटून आली जशी काही तिलाही कंटाळा आला होता. टोकापर्यंत पूर्ण आहे ना ते मी मोजपट्टीशी लावून पाहिलं आणि कचऱ्यात टाकली. निरोप समारंभ केला नाही.

घरी जायच्या दिवशी सगळे आले. बाप सुट्टी काढून आलेला, आई नव्या साडीत. आजी मागं, हात आणखी मागं. मी आईला बाळ कसं धरायचं ते दाखवत होते, तेव्हा आजी म्हणाली, “तिच्या आईजवळच देजा. मी ऑटोत नाही धरत.”

तेव्हा माझा तो राखून ठेवलेला तिखट स्वभाव उपयोगी पडला. छातीवरच्या तारा काढायच्या राहिल्या होत्या, त्या मी तशाच ठेवल्या. मशीन चालू ठेवलं. “आजी, इकडं या,” मी म्हटलं. “जवळ. आणखी जवळ. पोट्टीकडं नोका पाहू. मशीनकडं पाहा.”

मी पोरीचा उजवा हात हातात घेतला. दंडावर लाइनची खूण म्हणून एक बारीक ठिपका उरला होता. आजीनं डोळे मिटून घेतले.

“डोळे उघडा, नाही त डिस्चार्ज नाही देत.”

तिनं उघडले. मी दोन्ही पंजे जोडले, छातीवर धरले, आणि धरूनच ठेवले. पोरगी मोठी झाली होती, तिला हे आवडलं नाही, तिनं तोंड वाकडं केलं. आजी पडद्याकडे पाहत होती. ओठ हलत होते, बहुतेक ठोके मोजत होती.

“पाहिलं?” मी म्हटलं. “आता तुमची नात केव्हाची जय भीम करून राहिली, अन तुम्ही उत्तर नाही देऊन राहिल्या. हे बरं दिसते का?”

आजीचे हात पाठीमागून पुढं यायला वेळ लागला. ते आले, एकमेकांना भेटले आणि कपाळापर्यंत गेले.

“जय भीम, माय,” ती म्हणाली. “जय भीम.”

मशीनवर ठोक्यामागून ठोका येत होता. एकही चुकला नाही.